पावणेदोन रुपये, पाऊण लाख आणि एकोणचाळीस पैसे

८० प्रती, प्रत्येकी ४ आणे किंमत आणि १ रुपया १२ आणे उसने. 'द हिंदू'ने स्वतःचा जो इतिहास सांगितला आहे, त्यानुसार २० सप्टेंबर १८७८ रोजी मद्रासमध्ये निघालेल्या पहिल्या अंकाचा जमाखर्च एवढाच होता. सगळ्या प्रती रोखीने खपल्या असत्या तर गल्ल्यात ३२० आणे, म्हणजे २० रुपये आले असते. उसनवारी २८ आण्यांची, म्हणजे सात प्रती विकल्या की देणं फिटलं. कागदावर याहून फायद्याचा धंदा दुसरा दिसत नाही. पावणेदोन रुपयांत कागद, शाई, जुळारी आणि छापखान्याचं भाडं सगळंच भागलं असेल, हे मला पटत नाही. उसने घेतलेले पैसे हे बहुधा कमी पडलेले पैसे असावेत आणि बाकीचे वृत्तपत्र काढणाऱ्या सहा तरुणांच्या खिशातून गेले असावेत.

हे सहा जण मद्रासमधल्या ट्रिप्लिकेनचे. त्यांतले चार कायद्याचे विद्यार्थी आणि दोन शिक्षक. जी. सुब्रमण्य अय्यर २३ वर्षांचे, एम. वीरराघवाचारियार २१ वर्षांचे. टी. मुथुस्वामी अय्यर यांची मद्रास हायकोर्टाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली, पहिल्यांदाच एक हिंदी माणूस त्या खुर्चीवर बसला आणि इंग्रजांच्या मालकीच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. त्याला उत्तर द्यायला स्वतःचं वर्तमानपत्र नव्हतं, म्हणून ते काढलं.

यातली नावं नकाशावर मांडली की एक गोष्ट लक्षात येते. मुथुस्वामी अय्यर तंजावर जिल्ह्यातले. सुब्रमण्य अय्यर तंजावरजवळच्या तिरुवैयारूचे, त्यागराजांच्या गावचे. आणि पुढे १९०५ साली ज्यांनी हे वृत्तपत्र विकत घेतलं, ते एस. कस्तुरीरंगा अय्यंगार कुंभकोणमजवळच्या इन्नंबूर गावचे, जन्म १८५९ चा. ज्याच्यामुळे वृत्तपत्र निघालं, ज्याने ते काढलं आणि ज्याने ते तगवलं, ते तिघेही कावेरीच्या एकाच त्रिभुज प्रदेशातले. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव कुंभकोणममध्येच १८२८ साली जन्मले. सरफोजीराजांनी तंजावरात देवनागरी छापखाना घातला तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, म्हणजे पुण्यात 'केसरी' निघण्याच्या सत्तरएक वर्षं आधी. कुंभकोणमचं सरकारी कॉलेज तर 'दक्षिणेचं केंब्रिज' म्हणून ओळखलं जाई. इंग्रजी शिकलेली, सरकारी नोकरीत आणि वकिलीत शिरलेली, तरी गावाकडच्या भातशेतीशी नाळ न तुटलेली पिढी या भागातून मद्रासला येत होती. 'द हिंदू'चा पहिला वाचकही तीच आणि पहिला मालकही तीच.

आता धंद्याकडे येऊ. १८७८ ला साप्ताहिक, १ ऑक्टोबर १८८३ पासून आठवड्यातून तीनदा, १ एप्रिल १८८९ पासून दैनिक. प्रगतीचा हा आलेख सुखाचा वाटतो, पण त्याच्या पोटात एक घातक गुणाकार आहे. १९०५ साली खप होता ८००. म्हणजे २७ वर्षांत ग्राहक ८० वरून ८०० झाले, दहापट. आणि छपाई? आधी आठवड्याला ८० प्रती निघत. आता सहा दिवस धरले तरी आठवड्याला ४,८००, म्हणजे साठपट. कागद, शाई, जुळाऱ्यांचे पगार, तारांचा खर्च हे सारं छपाईच्या मागे धावतं, आणि वर्गणी धावते ग्राहकांच्या मागे. साप्ताहिकाचं दैनिक करताना आजही अनेक जिल्हा वृत्तपत्रं याच खड्ड्यात पडतात. अंक रोज निघू लागला म्हणून कोणी सहापट वर्गणी देत नाही.

८०० हा आकडाही नीट पाहायला हवा. १९०१ च्या जनगणनेत मद्रास इलाख्याची लोकसंख्या ३ कोटी ८० लाखांच्या घरात होती. म्हणजे साधारण ४७,५०० माणसांमागे एक प्रत. त्या वेळी कुंभकोणमची वस्ती ६० हजारांच्या आसपास होती, त्या हिशेबाने अख्ख्या गावाच्या वाट्याला सव्वा प्रत येते. प्रत्यक्षात तिथे वकील आणि प्राध्यापक भरपूर असल्याने जास्त येत असणार आणि एकेक अंक दहा-दहा हातांतून फिरत असणार, हे उघड आहे. पण फिरणाऱ्या अंकाचे पैसे मालकाला एकदाच मिळतात.

मग २७ वर्षं हे चाललं कशावर? ३ डिसेंबर १८८३ रोजी वृत्तपत्र माउंट रोडवर १०० क्रमांकाच्या भाड्याच्या जागेत गेलं आणि 'नॅशनल प्रेस' या नावाने स्वतःचा छापखाना उभा राहिला. त्यासाठी लोकांकडे वर्गणी मागितली होती, ती जमली नाही. छापखाना कर्जावर घातला गेला. पुढे १८९२ साली ती इमारत मालकीची झाली, तीही विजयनगरमच्या महाराजांनी दिलेल्या कर्जामुळे. ज्यांच्यासाठी लढायचं त्या जनतेने हात आखडता घेतला आणि संस्थानिकाने थैली सोडली. राष्ट्रीय बाण्याच्या वृत्तपत्राला आधार संस्थानिकाचा, ही विसंगती त्या काळी फारशी कोणाला खटकली नसावी. 'केसरी'च्या मागे संस्थानिक नव्हता. उलट कोल्हापूर संस्थानच्या कारभाराविषयी लिहिल्याबद्दल टिळक-आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवस डोंगरीचा तुरुंग पाहिला.

सुब्रमण्य अय्यर हे १८८५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या काँग्रेसचा पहिला ठराव मांडणारे गृहस्थ. ७२ प्रतिनिधींच्या त्या सभेत ते मद्रासचा आवाज होते. चार वर्षांनी, १८८९ च्या काँग्रेसच्या वेळी, त्यांनी मुंबईतच आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. लेखणीने सुधारणा मागणारे पुष्कळ होते, घरात ती करून दाखवणारे मोजके. पण अंकाचा वर्गणीदार होता मद्रास इलाख्यातला सनातनी ब्राह्मण वकील. संपादकाला सामाजिक सुधारणा हव्या होत्या, भागीदार वीरराघवाचारियार यांना हिशेबाची वही जुळवायची होती. ऑक्टोबर १८९८ मध्ये भागीदारी मोडली, अय्यर बाहेर पडले आणि १८८२ पासून स्वतः चालवत असलेलं तमिळ 'स्वदेशमित्रन' त्यांनी १८९९ ला दैनिक केलं. इंग्रजी वृत्तपत्र वीरराघवाचारियार यांच्याकडे राहिलं, आणि ८०० वर येऊन ठेपलं.

१ एप्रिल १९०५. कस्तुरीरंगा अय्यंगार यांनी ७५,००० रुपये मोजून 'द हिंदू' घेतला. भागाकार करून पाहा. ७५,००० भागिले ८००, म्हणजे ग्राहकामागे ९३ रुपये १२ आणे. त्या काळी १५ रुपयांना एक सोन्याचा पौंड मिळे. पाऊण लाखाचे ५,००० पौंड, वजनात ३६ किलोहून अधिक शुद्ध सोनं. एवढं सोनं देऊन माणसाने काय घेतलं? जुना छापखाना, वसूल न होणारी येणी आणि २७ वर्षांचं नाव.

हे नाव त्यांना आतून माहीत होतं, कारण १८९५ पासून ते वृत्तपत्राचे कायदेशीर सल्लागार होते. इन्नंबूरहून कोइमतूर, कोइमतूरला वकिली, तिथून मद्रास असा त्यांचा प्रवास. धंद्याच्या बारकाव्यांत वकिलाला जे चटकन दिसतं ते संपादकाला दिसत नाही. अय्यंगारांनी तीन गोष्टींना हात घातला. वर्गणीची थकबाकी, जाहिरात आणि बातमी. थकवणाऱ्यांचे लाड संपले, व्यापाऱ्यांच्या दारात माणसं जाऊ लागली आणि रॉयटरच्या तारा विकत घेतल्या गेल्या. तिसरी गोष्ट खर्चाची आहे, पण तिच्यावाचून पहिल्या दोन होत नाहीत. लंडनची बातमी इंग्रजांच्या वृत्तपत्राइतकीच ताजी मिळाली तरच वाचक आगाऊ पैसे देतो आणि व्यापारी जागा घेतो.

जाहिरातीचं पारडं किती जड झालं, हे एका तारखेवरून कळतं. 'द हिंदू'च्या पहिल्या पानावर बातम्या आल्या जानेवारी १९५८ मध्ये. तोवर पहिलं पान जाहिरातींचं होतं. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं उलटली, तोवर गांधीहत्येपासून पंचवार्षिक योजनेपर्यंत सारं काही आतल्या पानांवर. आज पहिलं पान जाहिरातीने झाकलं की वाचक चिडतो, पत्रकार त्याहून जास्त चिडतात आणि 'पूर्वी असं नव्हतं' असं सगळेच म्हणतात. पूर्वी असंच होतं.

वाचक किती देतो आणि उरलेलं कोण देतं, या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मात्र मद्रासच्या नव्हे, पुण्याच्या वृत्तपत्राने कोर्टात दिलं. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केलेल्या 'सकाळ'ने १९५६ च्या वृत्तपत्र किंमत व पृष्ठ कायद्याला आणि त्याखालच्या १९६० च्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. किती पानांना किती किंमत लावायची हे सरकार ठरवणार, असा तो आदेश. त्या निकालपत्रात 'सकाळ'चं घरगुती गणित उघडं पडलं आहे. खप रोजचा ५२,०००, रविवारी ५६,०००. पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार पानं. किंमत ७ नवे पैसे. रविवारची दहा पानं १२ नव्या पैशांना. आणि एकूण जागेपैकी सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना.

गणित असं. सहा दिवसांची पानं ३४. त्यातली ४० टक्के, म्हणजे १३.६ पानं जाहिरातींची. बातमीला उरली २०.४. नव्या आदेशानुसार ७ पैशांत सहा दिवसांत फक्त २४ पानं देता येणार होती. आता जाहिरात तेवढीच ठेवायची म्हटलं तर बातमीला उरतात १०.४ पानं, जवळपास निम्मी. बातमी तेवढीच ठेवायची तर जाहिरातीला ३.६ पानं, म्हणजे उत्पन्नाचा कणाच मोडला. तिसरा मार्ग किंमत वाढवण्याचा. ३४ पानं टिकवायला ७ चे ८ पैसे करावे लागले असते, १४ टक्क्यांची वाढ. ५२,००० प्रतींवर ७ पैशांनी रोजचे ३,६४० रुपये होतात, ८ पैशांनी ४,१६०. वाढीव ५२० रुपये दिसायला चांगले, पण एका पैशापायी किती ग्राहक तुटतील याचा भरवसा कोण देणार? आणि ग्राहक तुटले की जाहिरातीचा दर पडतो.

सरकारचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. मोठी वृत्तपत्रं जाहिरातीच्या पैशावर स्वस्तात जाड अंक देतात आणि छोटी मरतात, ती मरू नयेत म्हणून हा आदेश, असं सरकारचं म्हणणं. घटनापीठाचा निकाल आला २५ सप्टेंबर १९६१ रोजी, आणि तो लिहिला न्यायमूर्ती मुधोळकर यांनी. पानं कमी करणं किंवा खप कमी करणं म्हणजे बोलणं कमी करणं, आणि व्यापाराच्या नियमनाची ढाल पुढे करून ते करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. आदेश आणि त्यामागचं कलम रद्द झालं. निकाल योग्यच होता. पण त्याचा दुसरा अर्थही नोंदवायला हवा. त्या दिवसापासून जाहिरातीच्या जोरावर अंक खर्चापेक्षा स्वस्त विकण्याला मोकळं रान मिळालं, आणि छोट्या जिल्हा दैनिकांच्या भीतीला मात्र उत्तर मिळालं नाही. १९९० च्या दशकात इंग्रजी वृत्तपत्रांनी एकमेकांवर किमती पाडण्याचं युद्ध खेळलं, ते याच मोकळ्या रानात.

आजचा अंक घ्या. बारा पानं, म्हणजे सहा मोठे कागद. एका कागदाची लांबी-रुंदी ५५ आणि ३३ सेंटिमीटर धरू, न्यूजप्रिंटचं वजन चौरस मीटरला ४५ ग्रॅम. एक कागद ८ ग्रॅमच्या थोडा वर भरतो आणि अख्खा अंक साधारण ४९ ग्रॅम. किलोत वीस अंक. न्यूजप्रिंट किलोला ६० रुपये धरलं तर अंकातला नुसता कोरा कागद २ रुपये ९४ पैशांचा. छापील किंमत ५ रुपये असेल आणि त्यातला तिसरा हिस्सा एजंट आणि घरोघरी पेपर टाकणाऱ्यांचा असेल, तर मालकाच्या हाती येतात ३ रुपये ३३ पैसे. कागद वजा जाता उरतात ३९ पैसे.

या ३९ पैशांत शाई, प्लेट, वीज, यंत्राचे हप्ते, रात्री दोनला गठ्ठे घेऊन निघणाऱ्या गाडीचं डिझेल, वार्ताहर, उपसंपादक, छायाचित्रकार, वृत्तसंस्थेची वर्गणी आणि मालकाचा नफा. लाखाच्या खपावर महिन्याला सुमारे पावणेबारा लाख रुपये होतात. एवढ्यात एखाद्या जिल्हा आवृत्तीचं संपादकीय खातंही धड चालायचं नाही. कागद ६० ऐवजी ७५ रुपये किलो झाला की हे ३९ पैसे जाऊन उलट ३४ पैशांचा तोटा येतो, लाख प्रतींवर दिवसाला ३४ हजारांचा. मग खप वाढणं हेच संकट होऊन बसतं. ही काल्पनिक भीती नाही. २०२२ साली युक्रेन युद्धानंतर आयात न्यूजप्रिंटचा भाव दोन वर्षांपूर्वीच्या दुपटीच्या घरात गेला, आणि देशभरच्या वृत्तपत्रांची पानं घटली.

जाता जाता वाचकाचाही हिशेब. महिन्याचं बिल १५० रुपये. महिनाअखेर रद्दी दीड किलोच्या थोडी आत, १५ रुपये भावाने २२ रुपये परत. एवढा परतावा देणारी दुसरी वस्तू घरात येत नाही.

उरलेलं कोण भरतं, हे मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात दिसतं. 'दैनिक भास्कर' आणि 'दिव्य मराठी' चालवणाऱ्या डी. बी. कॉर्पचं २०२३-२४ चं एकूण उत्पन्न सुमारे २,४८० कोटी रुपये. त्यात जाहिराती १,७५० कोटींच्या आसपास, अंकविक्री ४८० कोटींच्या. शंभरातले सत्तर रुपये जाहिरातदाराचे, एकोणीस वाचकाचे. १८७८ च्या चार आण्यांत वाचकाचा वाटा जवळपास पूर्ण असावा, १९६१ च्या 'सकाळ'मध्ये जाहिरात ४० टक्के जागा व्यापत होती, आणि आज ती ७० टक्के पैसा पुरवते. जागा आणि पैसा ही दोन वेगळी मापं आहेत, थेट तुलना करू नये. पण वाऱ्याची दिशा कळते.

सत्तर टक्के पैसा एका खांबावर उभा असला की तो खांब हलल्यावर काय होतं, हे कोविडने दाखवलं. उद्योगाच्या वार्षिक अहवालांनुसार देशभरच्या मुद्रित माध्यमांची जाहिरात २०१९ मध्ये सुमारे २०,६०० कोटी रुपयांची होती, ती २०२० मध्ये १२,२०० कोटींवर आली. घट ४१ टक्के. अंकविक्री ९,००० कोटींवरून ६,८०० कोटींवर, घट २४ टक्के. त्या वर्षात घरात पेपर येणंच कित्येक आठवडे बंद होतं, सोसायट्यांनी पेपरवाल्या मुलांना फाटकावर अडवलं होतं, तरीही वाचक जाहिरातदारापेक्षा कमी पळाला. माझ्या मते या सगळ्या आकड्यांतली ही सर्वांत महत्त्वाची जोडी आहे, आणि वृत्तपत्रांच्या मालकांनी तिच्याकडे पुरेसं पाहिलेलं नाही.

मालक पाहतात ते वाचकसंख्येकडे, कारण जाहिरातीचा दर तिच्यावर ठरतो. २०१७ च्या भारतीय वाचक पाहणीत तमिळ 'दिनतंती'चे वाचक २ कोटी ३१ लाख निघाले आणि 'लोकमत'चे १ कोटी ८० लाख. 'द हिंदू' ५३ लाखांवर. मद्रास इलाख्याचा आवाज म्हणून निघालेलं वृत्तपत्र त्याच प्रांतातल्या तमिळ दैनिकाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी लोकांपर्यंत पोचतं. 'दिनतंती' १९४२ साली सि. पा. आदितनार यांनी मदुराईत काढलं, चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचता येईल अशा सोप्या तमिळमध्ये. कुंभकोणमच्या टपरीवर आजही सकाळी एकच अंक पाचसहा तुकड्यांत वाटला जातो. कस्तुरीरंगांच्या घराण्याला स्वतःचं तमिळ दैनिक काढायला १६ सप्टेंबर २०१३ उजाडलं, इंग्रजी अंकानंतर तब्बल १३५ वर्षांनी.

मात्र या कोटींच्या आकड्यांना थोडं चिमटीत धरून वाचावं. 'एकूण वाचक' म्हणजे गेल्या महिनाभरात एकदा तरी तो अंक हाती घेतलेला माणूस. त्याच पाहणीत 'दैनिक जागरण'चे एकूण वाचक ७ कोटी ३ लाख होते, पण सरासरी अंकाचे वाचक २ कोटींच्या आसपास. सलूनमध्ये खुर्ची रिकामी होईपर्यंत चाळलेला अंक आणि घरी पैसे देऊन घेतलेला अंक या मोजणीत सारखेच.

हे सारं पैशाचं झालं. पैसा कशाला लागतो, याचं उदाहरण कुंभकोणमनेच दिलं आहे, आणि ते विसरता येण्यासारखं नाही. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या एका खासगी शाळेच्या इमारतीत, माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग लागली आणि गवताच्या छपराने पेट घेतला. ९४ मुलं गेली. त्या आठवड्यात देशातलं प्रत्येक वृत्तपत्र आणि प्रत्येक वाहिनी तिथे होती. खटल्याचा निकाल लागला ३० जुलै २०१४ रोजी, दहा वर्षांनी, तंजावरच्या कोर्टात. २१ आरोपींपैकी १० दोषी, ११ सुटले. मधल्या दहा वर्षांत चौकशी आयोग, भरपाईचे दावे, शाळांच्या इमारतींचे बदललेले नियम, पुढे ढकललेल्या तारखा. हे सगळं नोंदवायला कुंभकोणम-तंजावर मार्गावर जाणारा, कोर्टातल्या कारकुनाला नावाने ओळखणारा माणूस लागतो. तो दहा वर्षं पगारावर ठेवावा लागतो, आणि बहुतेक दिवस त्याच्याकडून दोन कॉलमाची बातमीही मिळत नाही. या बातमीशेजारी जाहिरात द्यायला कोणी येत नाही. तिचे पैसे ३९ पैशांतूनच यायचे असतात.

वृत्तपत्रांनी वितरणावर मात्र पैसा हात सैल सोडून ओतला. 'द हिंदू'ने १९६३ साली अंक वाहून न्यायला स्वतःची विमानं घेतली, १९६९ ला कोइमतूरला फॅक्सिमिली पद्धतीने पानं पाठवून आवृत्ती काढली. इन्नंबूरच्या वकिलाच्या वारसांनी अंक कोइमतूरच्या दारात पहाटे पोचवण्याचं कोडं उत्तम सोडवलं. आता मोबाइलवर अंक फुकट पोचतो, कागद लागत नाही, डिझेल लागत नाही आणि नेमकं तेव्हाच वाचकाकडून पैसे मागण्याची सवय मोडलेली आहे. स्वस्त अंकाची चटक वाचकाला लावली ती मालकांनीच. फुकट हे तिचं पुढचं पाऊल.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी तुमच्या जिल्ह्याचं दैनिक ५ चे ६ रुपये झालं, तर पेपर बंद करायचा निरोप देण्याआधी हिशेब मांडा. एजंटाचा हिस्सा जाऊन त्यातले ६७ पैसे वृत्तपत्राला मिळतात. ३९ चे १ रुपया ६ पैसे होतात. लाख ग्राहक टिकले तर महिन्याला २० लाख रुपये वाढतात, आणि ते जाहिरातदाराला न विचारता खर्च करता येतात. मग संपादकाला पत्र लिहून विचारा, की आमच्या तालुक्याच्या कोर्टात तुमचा माणूस बसतो का. नाही म्हणाले, तर पेपर खुशाल बंद करा.